छातीवरची गाठ

जी गाठ बांधल्याबद्दल माझा मित्र आयुष्यभर माझे आभार मानत आला, ती गाठ एका सामन्याच्या दिवशी मी जाणूनबुजून सैल बांधली होती. हे मी वर्षानुवर्षे कुणालाही सांगितले नाही. ज्याला सांगायला हवे होते त्याच्या दुकानाच्या पायरीवर मी रोज संध्याकाळी बसतो, चहा पितो, पेठेतल्या बातम्या ऐकतो आणि दिवे लागले की उठून घरी येतो.

मदरशातले, म्हणजे आमच्या सरकारी शाळेतले, माझे सहकारी शिक्षक गेली काही वर्षे मला आग्रह करीत आहेत की मी त्याच्याविषयी लिहावे. निजामाच्या सबंध मुलखात हॉकीच्या मैदानावर त्याच्या तोडीचा माणूस झाला नाही, असे जाणकार म्हणतात. आणि त्याला अगदी पहिल्या काठीपासून पाहिलेला माणूस मी आहे. आग्रह रास्त आहे. मी लिहायला बसतोही. पण पहिल्याच ओळीत ती गाठ आडवी येते आणि मी दौत बंद करतो. या वेळी तिला आधी वाट करून दिली आहे.

माझ्या मित्राचे घराणे लिंगायत वाण्यांचे. बीडच्या पेठेत त्यांचे किराणा दुकान आणि मागे गुळाची वखार होती. आमची शेती लिंबागणेशच्या अंगाला. शिकण्यासाठी मी बीडला मामांच्या घरी राहायला आलो, ते घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून होते. आम्ही दोघे एका वर्गात, एका बाकावर बसत असू. उर्दूत मी पुढे होतो, हिशेबात तो. बाकीच्या सगळ्या गोष्टींत आम्ही सारखेच मागे होतो.

आम्हाला हॉकी शिकवली ती पोलीस कवायतीच्या मैदानाची देखरेख करणाऱ्या एका म्हाताऱ्या जमादारांनी. तरुणपणी ते पलटणीत होते आणि तिथे हा खेळ त्यांच्या अंगात भिनला होता. बीडला बदली होऊन आल्यावर इथे हॉकीचे नावही कुणाला माहीत नाही हे पाहून ते काही दिवस जेवले नव्हते, असे त्यांची बायको सांगे. शेवटी त्यांनी बिंदुसरा नदीच्या वाळूत विटीदांडू खेळणाऱ्या आम्हा पोरांना हाक मारली. खऱ्या काठ्या कुठून येणार? खाली आपसूक बाक असलेली बाभळीची फांदी शोधायची, साल काढायची, निखाऱ्यावर शेकून हवा तसा वळसा द्यायचा. चेंडू मोच्याने शिवून दिलेला. आत चिंध्या आणि सुतळी. पाऊस पडला की तो भिजून भोपळ्याएवढा जड होई.

जमादारांची भाषा अस्सल दखनी. आमच्यापैकी कुणी काठी खांद्याच्या वर नेली की ते मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडत, "अरे लकडी उप्पर नक्को उठाव रे! चेंडू हाय ओ, नाग नै!" त्यांनी आम्हाला खेळाचे सगळे नियम सांगितले, पण प्रत्येक नियमाला त्यांची स्वतःची कारणे जोडून. खेळ सुरू करताना दोन्ही बाजूंचे दोन गडी समोरासमोर उभे राहून काठी जमिनीला आणि एकमेकांच्या काठीला तीनदा लावत आणि मग चेंडूसाठी झटत, अशी तेव्हा रीत होती. जमादारांनी ती अशी समजावली: "पैला सलाम जमीन कू, दुसरा सामनेवाले कू, तिसरा अल्ला-भगवान कू." आम्ही निजामाच्या मोगलाईतली पोरे, सलाम म्हटले की त्यात कमीजास्त झालेले चालत नाही, एवढे आम्हाला घरूनच ठाऊक होते. त्यामुळे औरंगाबादेचा संघ पहिल्यांदा बीडला खेळायला आला तेव्हा आमच्या मधल्या गड्याने तीन सलाम पुरे केले, एक पाऊल मागे सरला आणि हात पुढे करून पाहुण्यांना अदबीने म्हणाला, "पहिले आप." पाहुणे क्षणभर गोंधळले आणि मग चेंडू घेऊन सरळ गोलात शिरले. गोल झाल्यावर पुन्हा मधोमध सलाम, पुन्हा "पहिले आप." मैदानाभोवती बसलेल्या बीडकरांना आमच्या वागणुकीचा अभिमान वाटत होता. जमादार मात्र साफ्याचे टोक तोंडात धरून बसले होते.

तो "पहिले आप" म्हणणारा मधला गडी म्हणजे माझा मित्र.

त्याच्या मनगटात जे काही होते ते गुळातून आलेले होते, असे माझे आजही मत आहे. दुकानात ढेपा फोडायचे काम त्याच्याकडे असे. लोखंडी सळईने ढेप अशी फोडायची की तुकडा हवा तेवढाच निघावा आणि भुगा पडू नये; भुगा पडला तर त्याचे वडील, ज्यांना सगळी पेठ आप्पा म्हणे, नुसते चष्म्यावरून पाहत, आणि ते पाहणे माराहून वाईट होते. दुपारी आप्पा गल्ल्यापाशी डुलक्या घेऊ लागले की माझा मित्र वखारीत धान्याच्या पोत्यांमधून एक सुपारी काठीने फिरवीत न्यायचा. पोत्याला सुपारी लागली तर आवाज होणार आणि आप्पा जागे होणार. त्या भीतीने त्याचा हात इतका हलका झाला की पुढे उत्तरेतल्या मोठमोठ्या गड्यांच्या पायांमधून तो चेंडू नेत असे तेव्हा मला ती ज्वारीची पोतीच दिसत.

आता गाठीकडे येतो.

लिंगायतांत मूल लहान असतानाच गुरू त्याला इष्टलिंग देतात. चांदीच्या छोट्या डबीत, जिला ते चौका म्हणतात, ते लिंग दोऱ्याने गळ्यात असते आणि जिवात जीव आहे तोवर अंगावेगळे करायचे नसते. माझा मित्र धावू लागला की तो चौका छातीवर आपटे, उसळून हनुवटीला लागे, आणि तो एक हात सोडून त्याला सांभाळायला जाई. जमादारांनी एकदा सुचवले, "उतार के रख दे बेटा, मैं संभालता." माझा मित्र म्हणाला, "जमादारसाब, मुंडकं उतरून ठिवा म्हना, ठिवतो. ह्ये न्हाई." जमादारांच्या स्वतःच्या दंडावर ताईत होता. त्यांनी मान हलवली आणि आपला जुना साफा फाडून एक लांब पट्टी त्याला दिली.

ती पट्टी चौक्यावरून छातीभोवती घट्ट गुंडाळायची आणि पाठीवर गाठ मारायची. पाठीवरची गाठ स्वतःला मारता येत नाही. ते काम माझ्याकडे आले. चौक्याला माझा हात कधी लागला नाही, लागूही नये. तो स्वतः तळव्याने तो जागेवर धरी आणि मी पाठीमागून पट्टी ओढी. "आवळ बे, आजून आवळ," तो म्हणे. "बरगड्या मोडतील," मी म्हणे. "मोडू दे, त्या माज्या हायत." प्रत्येक सामन्यापूर्वी हे बोलणे ठरलेले होते आणि ते झाल्याशिवाय आम्हाला दोघांनाही खेळ सुरू झाल्यासारखे वाटत नसे.

दोन-तीन हंगामांत बीडचा संघ नावारूपाला आला. आम्ही सलाम आटोपशीर करायला शिकलो. अव्वल तालुकदारांनी, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांनी, खऱ्या काठ्या मागवून दिल्या. आणि मग एके दिवशी जमादार धापा टाकत मदरशात आले: हैदराबादेहून पलटणीचे एक कप्तान येणार होते. औरंगाबादेशी होणारा आमचा सामना ते पाहणार होते आणि बीडमधून एका गड्याला, एकालाच, हैदराबादेच्या संघात नेणार होते.

मी पुढच्या फळीत माझ्या मित्राच्या डावीकडे खेळत असे. मी वाईट खेळत नव्हतो, हे नम्रपणे नोंदवतो. पण तो संघात असताना दुसरा कुणी निवडला जाण्याचा संभव नव्हता, हे मैदानावर बसणाऱ्या बकरीलाही कळत होते. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागले नाही. हैदराबाद मी पाहिलेले नव्हते. चारमिनार, रुंद रस्ते, खरी हिरवळ असलेले मैदान, यांची स्वप्ने मला पडत आणि त्या प्रत्येक स्वप्नात काठी घेऊन पुढे धावणारा माझा मित्र असे.

सामन्याच्या दिवशी कडुलिंबाखाली तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. चौका तळव्याने धरून म्हणाला, "आवळ बे." मी पट्टी ओढली. म्हणाला, "आजून आवळ." मी म्हणालो, "बरगड्या मोडतील." आणि मी ती आणखी आवळली नाही. वर दोन फेर देऊन गाठ दिसायला भक्कम केली. आत मात्र ढिलाई राहू दिली. चौका पडावा असे माझ्या मनात नव्हते. त्याचा हात अधूनमधून छातीकडे जावा, लक्ष थोडे विचलित व्हावे, एवढाच माझा हिशेब होता. स्वतःला हे मी इतक्या वेळा सांगितले आहे की आता त्याचाही आधार वाटत नाही. ज्या वस्तूसाठी तो मुंडके उतरवायला तयार होता, तिच्याशी मी खेळलो होतो.

सामना बरोबरीत चालला होता. शेवटच्या थोड्या वेळात माझ्या मित्राने मैदानाच्या मधोमध चेंडू घेतला आणि पोत्यांमधून सुपारी न्यावी तसा तीन-चार गड्यांमधून काढला. समोर फक्त गोलरक्षक, आणि तोही जागा सोडून अंगावर धावून येत होता. गोल मोकळा होता. लोक उभे राहिले होते. त्याच क्षणी पट्टी घसरून त्याच्या कमरेवर आली, मागून येणाऱ्या गड्याचे कोपर दोऱ्यात अडकले, दोरा तुटला आणि चौका बंडीतून निसटून धुळीत पडला. माझ्या मित्राने काठी टाकली. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळवे जमिनीवर पालथे घालून त्यांवर वाकला.

चौका पडलेला फक्त मी पाहिला. मी पावलावर होतो. चेंडू माझ्यासमोर घरंगळत आला आणि मी तो गोलात मारला.

आम्ही जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेतले. खांद्यावरूनच मी त्याला पाहिले. तो मुठी छातीशी घट्ट धरून, मान खाली घालून, मैदानाच्या कडेने घाईघाईने निघाला होता. दुरून पाहणाऱ्यांना काय दिसले असेल ते उघड आहे: धिप्पाड गोलरक्षक धावून आला आणि हा भिऊन खाली बसला. कप्तान साहेबांनी मला जवळ बोलावले, पाठ थोपटली आणि विचारले, "वो लडका ऐन वक्त पर रुक क्यों गया?" उर्दूत मी वर्गात पहिला होतो. सगळे सांगायला मला शब्दांची अडचण नव्हती. मी म्हणालो, "डर गया, हुजूर."

गाठीहून हे तीन शब्द अधिक वाईट होते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. गाठ बांधताना पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हते. हे बोलताना सगळे ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच माझा मित्र माझ्या खिडकीशी आला. लिंग अंगावेगळे झाल्यापासून त्याने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. गुरूंनी ते पुन्हा विधिपूर्वक बांधेपर्यंत घेता येत नव्हता. घरी पोट बिघडल्याचे सांगून त्याने जेवण टाळले होते. "आप्पांना कळलं तर खेळ कायमचा बंद," तो म्हणाला. "चल संगट. एकट्याला ग्वाड वाटंना." आम्ही चालत कपिलधारच्या डोंगरात गेलो. तिथल्या लिंगायत मठातल्या वृद्ध स्वामींनी सगळे ऐकून घेतले, रागावले नाहीत, पूजा मांडली, नवा दोरा ओवला. मग सहज विचारले, "पट्टी कुणी बांधलती?" मी जमिनीकडे पाहत होतो. माझा मित्र म्हणाला, "मीच, महाराज. माजीच गाठ कच्ची निघाली." परत येताना धबधब्याखाली आम्ही अंग धुतले आणि तो अधाशासारखा पाणी प्यायला. मी विचारले, "तू तुझं नाव कावून सांगितलंस?" तो हसून म्हणाला, "तुजं नाव सांगून तुला कशाला गुंतवू? गाठ काय, सुटती कदी कदी." तेव्हा बोलायला हवे होते. डोंगर रिकामा होता, ऐकणारे कुणी नव्हते. मी त्याला आणखी पाणी घे म्हणालो.

त्याने गप्प राहायचे ठरवल्यामुळे गावाने स्वतःच निकाल लावला. पेठेत त्याला ससा म्हणू लागले. गिऱ्हाईक दुकानात आले की म्हणे, "काय ससोबा, पावशेर साखर द्या. हळू, मागं गोलरक्षक उभा हाय!" तो सगळ्यांबरोबर हसे आणि साखर नीट तोलून देई. मी तोवर हैदराबादेला निघालो होतो.

हैदराबादेत माझी जी फजिती झाली ती मी आनंदाने सांगतो, कारण ती मला पुरेपूर साजेशी होती. त्यांनी मला बूट दिले. जन्मभर वाळूत अनवाणी खेळलेला माणूस बुटांत काय खेळणार? मी चेंडूपाशी पोचेपर्यंत चेंडू दुसरीकडे गेलेला असे. पहिल्याच सामन्यात माझा एक बूट सुटून गोलात गेला आणि पंचाने तो गोल धरायचा की नाही याचा गंभीरपणे विचार केल्याचे लोक सांगत. हंगाम संपल्यावर कप्तान साहेबांनी मला चहा पाजून निरोप दिला आणि विचारले, "बीड में और कोई है?" मी माझ्या मित्राचे नाव सांगितले. "वही, जो डर गया था?" मी मान हलवली. ते म्हणाले, "ठीक है, डरनेवाले को भी देख लेंगे." त्याही वेळी मी खरे कारण सांगितले नाही. पण नाव मी सांगितले, एवढे कळल्यामुळे माझा मित्र आजवर समजत आला की हैदराबादची वाट त्याला मी दाखवली.

मी नसलेल्या त्या वर्षात त्याने काय केले होते, ते मी परत आल्यावर पाहिले. पट्टी बांधायला माझा हात नव्हता आणि दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता. त्याने पट्टीच सोडून दिली. उजवा हात छातीवर, चौक्यावर. काठी एकट्या डाव्या हातात. तसा तो वर्षभर वाळूत खेळला. कप्तान साहेब पुन्हा आले तेव्हा ते त्याच्याकडे बघतच राहिले. एका हाताने तो चेंडू जिथे नेत होता तिथे इतरांना दोन हातांनी नेता येत नव्हता. कप्तान साहेब खुर्चीवरून उठून म्हणाले, "अरे, ये तो सलाम करते करते खेलता है!" जमादार त्या दिवशी मैदानावरच ढसाढसा रडले, आणि मग रडताना पाहिले म्हणून आम्हाला शिव्या दिल्या.

त्याच्या पुढच्या कारकिर्दीविषयी मोगलाईत इतके किस्से आहेत की त्यांतले खरे कोणते ते त्यालाही सांगता येत नाही. मी ज्यांची खात्री करून घेतली ते दोनच लिहितो. कलकत्त्याला एका संघाने तक्रार केली की याच्या काठीला काहीतरी चिकट लावलेले आहे, चेंडू सुटतच नाही. पंचाने काठी हातात घेतली, हुंगली आणि चकित झाला. काठीला गुळाचा वास येत होता. तिच्यावर दोन मुंग्याही फिरत होत्या. माझ्या मित्राने सांगितले की ती काठी सुट्टीत वखारीत ठेवलेली असते आणि पंचाने हवी तर दुसरी कुठलीही काठी द्यावी. दिलेल्या काठीने त्याने आणखी जास्त गोल केले.

दुसरा किस्सा हैदराबादचा. एक वयोवृद्ध नवाबसाहेब पहिल्या रांगेत बसले होते. गोल झाल्यावर माझा मित्र सवयीने छातीवरचा हात दाबून, मान झुकवून पाही, लिंग जागेवर आहे ना. नवाबसाहेबांना वाटले, हा खेळाडू खास आपल्याला अदब करीत आहे. ते उठले आणि त्यांनी तितक्याच अदबीने उलट सलाम केला. पुन्हा गोल, पुन्हा झुकलेली मान, पुन्हा नवाबसाहेब उभे. त्या दिवशी माझा मित्र फार रंगात होता. अखेर नवाबसाहेबांच्या नोकराने मैदानात येऊन विनंती केली की हुजुरांचे गुडघे दुखत आहेत, आता थोडे थांबावे.

आणि आप्पा? ते एकदाच त्याचा खेळ पाहायला गेले, परभणीला. मुलाचा हात धावताना क्षणभरही छातीवरून हलत नाही हे त्यांनी पाहिले, चष्मा काढून पुसला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "खेळतानाबी इष्टलिंगावर हात हाय पोराचा." त्यानंतर त्यांनी खेळाविरुद्ध शब्द काढला नाही. हे त्यांनी मलाही कौतुकाने सांगितले आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो खडा मी घरी नेला, पण माझ्याने खाववला नाही.

सुट्टीवर बीडला आला की तो पुन्हा पट्टी बांधून घेई. "तितं एका हातानं खेळतो, हितं दोन हातांनी. हितं गाठ मारायला मास्तर हाय." मी तोवर मदरशात शिक्षक झालो होतो. जिथे जिथे त्याचा सत्कार झाला तिथे तिथे तो बोलायला उभा राहिला की दोनच माणसांची आठवण काढी. खेळ शिकवणारे जमादार आणि गाठ बांधणारा मी. सभेत लोक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवत. ससा म्हणून त्याची थट्टा करणारेही त्यांत असत. मी उठून नमस्कार करी. मला वाटते, मोगलाईत माझ्याइतक्या टाळ्या कुठल्याही गाठीसाठी कुणाला मिळाल्या नसतील.

आप्पा गेले आणि माझा मित्र हैदराबाद सोडून दुकानावर येऊन बसला. केस पिकले, पोट थोडे सुटले. ढेप मात्र अजून भुगा न पाडता फोडतो. या वर्षापर्यंत लोक दुकानात येऊन त्या जुन्या सामन्याची आठवण काढत आणि विचारत, "आप्पा," (आता तोच पेठेचा आप्पा आहे) "तवा खरंच भ्याला व्हता का तुमी?" तो दरवेळी म्हणे, "लई भ्यालतो." खोटे नाही ते. फक्त कशाला भ्याला, हे तो सांगत नसे, आणि कुणामुळे, हे त्याला ठाऊक नव्हते.

या वर्षी जमादारांच्या आठवणीसाठी मदरशाच्या मुलांविरुद्ध जुन्या खेळाडूंचा एक सामना ठरला. सगळी पेठ दुकाने बंद करून मैदानावर आली. हलगीवाले आले होते आणि ते वाजवायचे थांबत नव्हते. त्याच कडुलिंबाखाली माझा मित्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात जमादारांच्या साफ्याची तीच पट्टी होती, धुऊन धुऊन विरलेली. त्याने चौका तळव्याने धरला आणि माझ्याकडे पाठ केली.

"आवळ बे."

मी पट्टी ओढली. त्याची पाठ आता रुंद झाली होती, पट्टी जेमतेम पुरत होती.

"आजून आवळ."

बरगड्यांचे ते ठरलेले वाक्य माझ्या तोंडून निघेना. तो वाट पाहत राहिला. मी पट्टीची दोन टोके हातात धरून, माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे वर्गातल्या तिसऱ्या बाकापर्यंतही न पोचणाऱ्या आवाजात, जे सांगायचे ते त्याच्या पाठीला सांगितले.

"काय म्हनलास?" हलगी कडाडत होती. त्याने मान अर्धी वळवली. "काय ऐकू येईना बे. मास्तर हायस का मुंगी? मोठ्यानं बोल की!"

मी गाठ आवळली. जितकी आवळता येईल तितकी आवळली, वर आणखी एक फेर दिला, आणि मग आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून ओरडलो. हलगीवाला मधेच थांबला. मुले आपापल्या काठ्या खाली टेकवून आमच्याकडे पाहू लागली.

"त्या सामन्याला ही गाठ मी मुद्दाम सैल बांधलती! तुझ्याऐवजी मला हैदराबादला जायचं होतं म्हणून! आणि तू भ्याला नव्हतास, चौका पडलेला मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी कप्तानाला तू भ्यालास असं मीच सांगितलं! ऐकलंस का गड्या? माझं चुकलं. मला माफ कर."